लेकरू घरात राहावे म्हणून : श्रीलंकेतील बालसैनिक आणि त्यांची कुटुंबे

सशस्त्र गटांकडून होणाऱ्या मुलांच्या भरतीविषयी जे लिहिले जाते, त्यात बंदूक हाती आलेले मूल आणि ती त्याच्या हाती देणारा सेनानी या दोघांवरच बहुधा सारा प्रकाश पडतो. ते मूल ज्या घरातून गेले त्या घराचा उल्लेख एकदोन वाक्यांत उरकला जातो, आणि तोही पुष्कळदा आरोपाच्या सुरात, म्हणजे आईबापांचे लक्ष नव्हते, त्यांनीच मूल देऊन टाकले, अशा शब्दांत केला जातो. श्रीलंकेच्या उत्तर आणि पूर्व भागांत १९८३ पासून २००९ पर्यंत चाललेल्या यादवी युद्धाचा इतिहास बारकाईने पाहिला, तर हा आरोप टिकत नाही. तेथील तमिळ कुटुंबांनी आपली मुले वाचवण्यासाठी हाती असलेला प्रत्येक उपाय करून पाहिला. मात्र त्यांतील जवळजवळ प्रत्येक उपायाची किंमत अखेर मुलालाच मोजावी लागली. कुटुंबाला आधार देऊन भरती रोखायची म्हणजे नेमके काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच या इतिहासात शोधता येते.

बालसैनिक म्हटले की गणवेशातला, खांद्याला रायफल अडकवलेला मुलगा नजरेसमोर येतो. २००७ साली पॅरिसमधील परिषदेत अनेक देशांनी ज्यांना पाठिंबा दिला आणि जी ‘पॅरिस तत्त्वे’ म्हणून ओळखली जातात, त्या मार्गदर्शक सूत्रांनी ही कल्पना बरीच व्यापक केली. त्यांच्यानुसार अठरा वर्षांखालील ज्या मुलाला किंवा मुलीला एखाद्या सैन्यदलाने अथवा सशस्त्र गटाने कोणत्याही कामासाठी घेतले असेल, मग ते काम स्वयंपाकाचे असो, ओझी वाहण्याचे असो, निरोप पोचवण्याचे असो, टेहळणीचे असो किंवा त्या मुलाचे लैंगिक शोषण होत असो, ते मूल या व्याख्येत येते. त्याआधी २००० साली संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराला जोडल्या गेलेल्या ऐच्छिक प्रोटोकॉलने आणखी एक स्पष्ट रेषा आखली होती: सरकारी सैन्याबाहेरच्या सशस्त्र गटांनी अठरा वर्षांखालील कोणालाही कोणत्याही परिस्थितीत भरती करू नये. मूल आपण होऊन आले होते, हा बचाव त्यामुळे ग्राह्य धरला जात नाही, आणि ते योग्यच आहे, कारण चौदा वर्षांच्या मुलीने ‘आपण होऊन’ घेतलेल्या निर्णयामागे उपासमार, भीती, घरातला एखादा मृत्यू आणि गावात रोज ऐकू येणारा प्रचार यांपैकी काय काय उभे आहे, हे तिचे तिलाही सांगता येत नसते.

लिबरेशन टायगर्स ऑफ तमिळ ईलम, म्हणजे एलटीटीई, ही वेलुपिल्लई प्रभाकरन याच्या नेतृत्वाखालील संघटना स्वतंत्र तमिळ राष्ट्रासाठी लढत होती, आणि श्रीलंकेतील तमिळांवर झालेल्या खऱ्याखुऱ्या अन्यायांतून, विशेषतः जुलै १९८३ मधील भीषण हिंसाचारातून, तिला मनुष्यबळ मिळत गेले. सुरुवातीच्या वर्षांत येणारे तरुण बहुतांशी स्वखुशीने येत होते. युद्ध लांबत गेले, माणसे मरत गेली, ज्यांना परवडले ते देश सोडून गेले, आणि मग संघटनेची नजर शाळकरी वयाच्या मुलांकडे वळली. १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी ओलारा ओटुनू यांच्या भेटीच्या वेळी एलटीटीईने सतरा वर्षांखालील मुलांना भरती न करण्याचे आणि अठरा वर्षांखालील मुलांना लढाईत न उतरवण्याचे वचन दिले. ते पाळले गेले नाही. फेब्रुवारी २००२ मध्ये नॉर्वेच्या मध्यस्थीने युद्धबंदी करार झाला, तोफा थांबल्या, आणि तरीही त्यानंतरच्या पावणेतीन वर्षांत युनिसेफकडे अल्पवयीन मुलांच्या भरतीच्या साडेतीन हजार नव्या नोंदी झाल्या. ज्या पालकांना तक्रार करण्याचे धैर्य झाले त्यांच्याच मुलांची ही संख्या आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्या मुलांत मुलींचे प्रमाणही मोठे होते.

ही मुले कोणत्या घरांतून जात होती, याचा शोध उत्तरेकडील जाफना शहरात दीर्घकाळ काम केलेले मनोविकारतज्ज्ञ दया सोमसुंदरम यांनी घेतला असून, २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील लेखात त्यांनी मुलाला घराबाहेर ढकलणारी कारणे आणि गटाकडे ओढणारी कारणे यांची वेगवेगळी मांडणी केली आहे. आप्ताचा डोळ्यांदेखत झालेला मृत्यू, विस्थापन, भूक, बंद पडलेली शाळा, लष्कराच्या झडतीची आणि अटकेची धास्ती ही ढकलणारी कारणे. तर गणवेशाची प्रतिष्ठा, शाळांतून होणारी भाषणे आणि चित्रफिती, पथनाट्ये, हुतात्म्यांचा गौरव ही ओढणारी कारणे. या मांडणीतला मर्माचा भाग असा की ओढणारी कारणे गावातल्या सगळ्याच मुलांवर सारखी काम करत असतात, पण ढकलणारी कारणे काही घरांत एकावर एक साचत जातात. ज्या घरात वडील मारले गेले आहेत किंवा बेपत्ता आहेत, ज्या घरातील आई आखाती देशात मोलकरणीच्या कामाला गेली असून मुले थकलेल्या आजीजवळ आहेत, जे कुटुंब तिसऱ्यांदा विस्थापित होऊन छावणीत येऊन पडले आहे, त्या घरातले मूल भरती करणाऱ्यांना सर्वांत आधी दिसते, कारण त्याच्या आड उभे राहणारे माणूस कमी असते. सधन घरांनी मुलांना कोलंबोला, लंडनला किंवा कॅनडाला धाडले. वन्नी नावाने ओळखल्या जाणाऱ्या, एलटीटीईच्या ताब्यातल्या उत्तरेकडील प्रदेशातून बाहेर पडण्यासाठी संघटनेचा परवाना लागे आणि मागे जामीन राहणारे माणूसही ठेवावे लागे. गरीब घराला ती वाटही मोकळी नव्हती. युद्धाचा हा कर प्रामुख्याने शेतमजूर, कोळी आणि विस्थापित कुटुंबांकडूनच वसूल झाला.

कर हा शब्द येथे जवळजवळ शब्दशः खरा आहे. पूर्वेकडील बट्टिकलोआ आणि अंपारा जिल्ह्यांत आणि पुढे, २००६ नंतर, वन्नीत ‘प्रत्येक कुटुंबामागे एक’ अशी मागणी संघटनेने उघडपणे केली. माणसे दारात येत, कुटुंबातील मुलांची यादी त्यांच्या हातात असे, आणि यंदा नाही तर पुढच्या वर्षी कोणाला देणार, हा प्रश्न आईबापांपुढे टाकला जाई. एक मूल दिले तर बाकीची राहतील, या आशेवर थोरल्याला पाठवण्याचा निर्णय काही घरांनी घेतला. बाहेरून पाहणाऱ्याला ही संमती वाटेल; वस्तुतः ती तीन लेकरांपैकी दोन वाचवण्यासाठी ओलीस ठेवलेल्या माणसांनी केलेली तडजोड होती, आणि अशा आईबापांना मुले देणारे पालक म्हणणे हा त्यांच्यावरचा दुसरा अन्याय ठरतो.

कुटुंबांनी केलेले उपाय पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. पहिला उपाय लग्नाचा. विवाहित माणसाला संघटना सहसा नेत नाही, असा अनुभव असल्यामुळे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींची आणि थोड्या मोठ्या मुलांची लग्ने घाईघाईने लावली गेली. युद्धाच्या शेवटच्या काळात हे प्रमाण फार वाढले, आणि नंतर संघटनेने विवाहितांनाही सोडले नाही तेव्हा त्या लग्नांनी दिलेले संरक्षणही संपले. मागे उरल्या त्या अल्पवयात बाळंतपण वाट्याला आलेल्या, शाळा सुटलेल्या, आणि पुष्कळ वेळा युद्ध संपेपर्यंत विधवा झालेल्या मुली. दुसरा उपाय शाळेतून काढून घेण्याचा: शाळेत भरतीचा प्रचार होतो आणि शाळेच्या वाटेवरून मुले उचलली जातात, म्हणून पालक मुलांना घरीच ठेवू लागले, आणि ज्या वयात शिक्षणाने पुढची वाट उघडायची त्याच वयात ती बंद झाली. देवळांच्या जत्रांतूनही मुले नेली गेल्यामुळे बट्टिकलोआ परिसरातील आया मुलांना उत्सवालाही पाठवेनाशा झाल्या. तिसरा उपाय दूरच्या नातेवाइकांकडे, चर्चच्या वसतिगृहात किंवा अनाथालयात ठेवण्याचा; श्रीलंकेतील बालगृहांत राहणाऱ्या बहुतांश मुलांचे किमान एक पालक हयात असतात, ही गोष्ट त्या देशातील बालकल्याणाच्या अभ्यासकांनी वारंवार दाखवून दिली आहे, आणि गरिबीबरोबर युद्धाचाही त्यात वाटा आहे. मुलाला वाचवण्यासाठी आईने त्याला स्वतःपासून तोडावे, हा त्या उपायाचा अर्थ. आणि शेवटचा उपाय लपवण्याचा: २००८-०९ मध्ये वन्नीतील कुटुंबांनी बॉम्बपासून वाचण्यासाठी खणलेल्या खंदकांत आणि रानात आपली मुले भरती करणाऱ्यांपासूनही लपवली.

या चारही उपायांकडे नीट पाहिले तर कुटुंबांना आधार देण्याच्या कार्यक्रमाचा आराखडा त्यांतूनच मिळतो. आईबापांना मुलांचे रक्षण कसे करावे, हे शिकवण्याची गरज नव्हती. गरज होती ती मुलाचे नुकसान न करता त्याचे रक्षण करता येईल अशा साधनांची: घरातली चूल पेटती राहील एवढ्या उत्पन्नाची, वाटेवर भय नसलेल्या शाळेची, वयाच्या कागदोपत्री पुराव्याची, आणि संघटनेच्या छावणीच्या दारात उभे राहताना सोबत असणाऱ्या माणसांची.

यांपैकी शेवटच्या गोष्टीचे महत्त्व २००४ च्या घटनांनी ठळकपणे दाखवले. त्या वर्षी मार्चमध्ये एलटीटीईचा पूर्वेकडील सेनापती विनायगमूर्ती मुरलीधरन, जो करुणा या नावाने ओळखला जाई, प्रभाकरनपासून फुटला. एप्रिलमध्ये मुख्य संघटनेने त्याच्यावर चाल केली तेव्हा त्याने आपले दल विसर्जित केले आणि एकट्या पूर्व भागातील सोळाशेहून अधिक मुले अचानक घरी परतली. छावण्यांबाहेर पालकांची गर्दी झाली. काही आठवड्यांतच एलटीटीईने हीच मुले परत मागायला सुरुवात केली, घरोघरी पत्रे आणि निरोप पाठवले, सभा घेतल्या, आणि कित्येकांना बळाने नेले. परंतु या वेळी पुष्कळ गावांत पालकांनी नकार दिला. एकेकट्याने विनवणी करण्याऐवजी ते गटाने छावणीत गेले, युद्धबंदीवर देखरेख ठेवणाऱ्या स्कॅन्डिनेव्हियन निरीक्षकांकडे आणि युनिसेफकडे नावानिशी तक्रारी दिल्या. तमिळ मातांच्या संघटित प्रतिकाराला जुनी परंपराही होती, कारण १९८४ मध्ये सरकारी दलांनी अटक केलेल्या तरुणांच्या सुटकेसाठी जाफन्यातील स्त्रियांनी मातृ-आघाडी उभारून मोर्चे काढले होते. फरक एवढाच की या वेळी त्यांना आपल्याच समाजाच्या नावाने बोलणाऱ्या संघटनेसमोर उभे राहायचे होते आणि तसे करणाऱ्याला द्रोही ठरवले जाण्याचा धोका होता.

नॉनव्हायोलंट पीसफोर्स या आंतरराष्ट्रीय संस्थेचे निःशस्त्र कार्यकर्ते २००३ पासून श्रीलंकेत होते आणि पूर्व भागात त्यांची कार्यालये होती. त्यांची पद्धत दिसायला अगदी साधी: मुलाच्या शोधात छावणीकडे निघालेल्या आईसोबत चालायचे, ती बोलत असताना नजरेच्या टप्प्यात उभे राहायचे, जत्रेच्या दिवशी देवळाच्या आवारात हजर असायचे. या कामाला संरक्षक सोबत असे म्हणता येईल. परदेशी साक्षीदार समोर असताना बळजबरी करणे संघटनेला आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठेच्या दृष्टीने महाग पडत होते, आणि त्या अडचणीचा फायदा आईला मिळत होता. यात त्या कार्यकर्त्यांनी आईच्या वतीने बोलणे टाळले ही गोष्ट विशेष मोलाची आहे, कारण ते परत गेल्यावरही तिला त्याच गावात राहायचे होते आणि तिचा आवाज तिचाच राहणे हेच तिच्या हिताचे होते. कुटुंबाला आधार म्हटले की आर्थिक मदत आठवते. बट्टिकलोआच्या आयांना त्याहून आधी साक्षीदार हवे होते.

साक्षीदाराइतकाच कागदही महत्त्वाचा ठरला. युनिसेफने एखाद्या मुलाची सुटका मागितली की ते अठरा पूर्ण आहे, असे उत्तर अनेकदा मिळे, आणि मग वाद जन्मदाखल्यावर येऊन थांबे. विस्थापनात, आगीत, पुरात ज्यांची कागदपत्रे गेली होती अशा कुटुंबांकडे दाखला नसे, आणि ज्या मुलांचा जन्मच छावणीत झाला होता त्यांची नोंद कधी झालेलीच नसे. म्हणूनच युद्धबंदीच्या काळात उत्तर-पूर्व भागात फिरत्या शिबिरांतून जन्माची आणि ओळखीची कागदपत्रे नव्याने देण्याचे जे काम झाले, ते वरकरणी कचेरीतले नीरस काम वाटले तरी मुलांच्या रक्षणाचे होते. दाखल्याने मूल आपोआप वाचत नाही. पण दाखल्यावाचून ते मूल असल्याचे सिद्ध करणेच आईला अशक्य होते.

२००३ मध्ये सरकार, एलटीटीई आणि युनिसेफसह काही संस्था यांनी युद्धग्रस्त मुलांसाठी एक संयुक्त कृतियोजना स्वीकारली होती. तिच्यात भरती थांबवणे आणि मुलांची सुटका यांसोबतच शाळाबाह्य मुलांसाठी भरपाईचे शिक्षण, म्हणजे मागे पडलेल्या मुलांना त्यांच्या वयाच्या वर्गापर्यंत आणणारे जलद वर्ग, व्यवसाय-प्रशिक्षण, आणि घरी परतलेल्या मुलांच्या कुटुंबांना लहान कर्जे व उपजीविकेची साधने यांचा समावेश होता. ऑक्टोबर २००३ मध्ये वन्नीतील किलिनोच्ची येथे सुटका झालेल्या मुलांसाठी संक्रमण केंद्र सुरू झाले, परंतु त्याच्यामार्फत फार थोडी मुले बाहेर आली, तर त्याच महिन्यांत नवी भरती चालूच राहिली. या योजनेवर पुढे कठोर टीका झाली आणि तिचा गाभा रास्त होता: जो गट मुले घेतो त्यालाच मुलांच्या सुटकेच्या कामात भागीदार केले, तर त्याला प्रतिष्ठा मिळते आणि बदल्यात मुले मिळतीलच याची खात्री नसते. तरीही त्या योजनेतील कुटुंबांसाठीचा भाग टाकाऊ ठरत नाही. भरपाईच्या वर्गात परत आलेल्या मुलाला रोज सकाळी जाण्यासाठी एक ठिकाण मिळत होते, आणि जिथे जागतिक अन्न कार्यक्रमाच्या मदतीने शाळेत जेवण मिळे तिथे त्याला शाळेत पाठवण्याचे एक ठोस कारण घरालाही मिळत होते. देशात १९९५ पासून गरीब घरांसाठी ‘समृद्धी’ नावाची साहाय्य योजना होती. पण जिथे राज्याची सत्ताच वादग्रस्त होती त्या भागांत तिची पोच तुटपुंजी राहिली. ज्या घरांना तिची सर्वाधिक निकड होती तीच घरे तिच्या कक्षेबाहेर पडली, हे कल्याणकारी योजनांचे जगभर दिसणारे दुबळेपण येथेही दिसले.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने या साऱ्या गोष्टींची एकदम परीक्षा घेतली. श्रीलंकेत सुमारे ३५ हजार माणसांचा बळी घेणाऱ्या त्या लाटेने मुल्लैतिवूपासून अंपारापर्यंतचा, आधीच युद्धाने खचलेला किनारा धुऊन नेला, आणि हजारो मुलांनी आई, वडील किंवा दोघांनाही गमावले. तात्पुरत्या छावण्यांतून मुले नेली जात असल्याची प्रकरणे काही आठवड्यांतच युनिसेफपर्यंत पोचली. यावर जी दोन पावले उचलली गेली ती अभ्यासण्याजोगी आहेत. एक म्हणजे निराधार आणि ताटातूट झालेल्या मुलांची तातडीने नोंद करून त्यांना मोठ्या अनाथालयांत न कोंबता शक्य तो आजी-आजोबा, मामा-मावशी, काका-आत्या यांच्याकडेच ठेवण्यावर भर देण्यात आला, आणि अशा पालनाला कायद्याचा आधार देण्यासाठी २००५ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. दुसरे म्हणजे, मूल सांभाळणाऱ्या नातेवाइकांना मदत मिळावी, असा आग्रह धरला गेला, कारण स्वतःचीच तीन मुले असलेल्या मावशीच्या घरात चौथे पोर प्रेमाने स्वीकारले जाते खरे, पण ताटातले वाटे लहान होतात आणि काही महिन्यांनी त्या मुलाला आपण ओझे झालो आहोत, असे वाटू लागते. भरती करणाऱ्याचे बोलणे नेमके याच भावनेला हात घालते: इथे तू कोणाला नको आहेस, आमच्याकडे तुला नाव आहे.

घराच्या आतल्या जखमांचा विचार त्यामुळे टाळता येत नाही. युद्धाने खचलेल्या पुरुषांचे दारूचे व्यसन, बायकामुलांना होणारी मारहाण, मुलीवर येणारा लग्नाचा आणि हुंड्याचा दबाव यांपासून सुटका म्हणून काही मुले आणि मुली संघटनेकडे गेल्या, आणि एलटीटीईने हुंड्याला केलेला विरोध काही मुलींना खरोखरच मुक्तीसारखा वाटला. येथे कुटुंब हेच संरक्षण, हे सूत्र अपुरे पडते. हिंसा करणाऱ्या घराला पैसे देऊन ते सुरक्षित होत नाही. सोमसुंदरम यांनी युद्धाचा आघात एकेकट्या माणसावर न होता कुटुंब आणि गाव यांच्या परस्परविश्वासावरच होतो असे मांडले आणि उपचारही गावाच्या पातळीवर, शिक्षक, आरोग्यसेविका, धर्मगुरू आणि वडीलधारी माणसे यांना तयार करून करण्याचा आग्रह धरला. बट्टिकलोआत १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘बटरफ्लाय पीस गार्डन’ या बागेत तमिळ आणि मुस्लिम गावांतील मुलांना एकत्र आणून चित्रे, मातीकाम, गोष्टी आणि नाटके यांतून मनातले बोलायला वाव दिला जाई. अशा उपक्रमांनी किती मुले भरतीपासून वाचली, हे मोजता येणे अवघड आहे, आणि तशी मोजणी मागणे हेही काहीसे निष्ठुर आहे. पण ज्या मुलाला आपले दुःख ऐकणारे माणूस सापडते त्याला सूडाच्या भाषेवाचून दुसरी भाषा मिळते, एवढे निश्चित म्हणता येते.

या साऱ्या प्रयत्नांच्या मर्यादा २००६ नंतर उघड झाल्या. युद्ध पुन्हा पेटले. पूर्वेत करुणाच्या, आता पुन्हा उभ्या राहिलेल्या गटाने सरकारी नियंत्रणाखालील भागांतूनच मुले पळवली, आणि नोव्हेंबर २००६ मध्ये श्रीलंकेला भेट दिलेले संयुक्त राष्ट्रांचे विशेष सल्लागार ॲलन रॉक यांनी सुरक्षा दलांतील काही घटकांचे त्याला साहाय्य असल्याचे सांगितले. ज्या वर्षी श्रीलंकेने मुलांची भरती दंडसंहितेत गुन्हा ठरवली त्याच वर्षी हे घडत होते. वन्नीत अडकलेल्या लाखो लोकांपैकी ज्या घरांनी २००९ च्या पहिल्या महिन्यांत मुले देण्यास नकार दिला त्यांना मारहाण झाली, आणि पुढे अगदी चौदा वर्षांच्या मुलांनाही ओढून नेले गेले. बाहेर जाऊ पाहणाऱ्यांवर एलटीटीईने गोळ्या झाडल्या, तर गोळीबारमुक्त क्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या पट्ट्यावर सरकारी तोफगोळे पडत राहिले. अशा वेळी कर्ज, शिलाई यंत्र किंवा समुपदेशन यांनी कोणतेही कुटुंब मूल वाचवू शकत नाही. तेथे जबाबदारी पूर्णपणे शस्त्रधाऱ्यांची आणि त्यांना रोखू शकणाऱ्या सत्तांची असते. कुटुंबांसाठीच्या कार्यक्रमांची भाषा या जबाबदारीवर पांघरूण घालण्यासाठी वापरली जाऊ नये, याची काळजी अशा कार्यक्रमांना पैसा देणाऱ्यांनी घेतली पाहिजे.

मे २००९ मध्ये युद्ध संपले तेव्हा सरकारी दलांच्या हाती आलेल्या एलटीटीई सदस्यांत ५९४ मुले होती, आणि त्यांत दोनशेहून अधिक मुली होत्या. प्रौढ सैनिकांपासून वेगळे ठेवून, खटले न भरता, त्यांचे पुनर्वसन करण्यात आले. त्यांतील बऱ्याच मुलांना कोलंबोजवळील रत्मलाना येथील हिंदू कॉलेजमध्ये पुन्हा शालेय शिक्षण मिळाले, आणि मे २०१० पर्यंत सर्वांना कुटुंबांकडे सुपूर्द करण्यात आले. मुलांना गुन्हेगार न मानता पीडित मानण्याचा हा निर्णय स्तुत्य होता. मात्र ज्या घरांत ती परतली ती घरे उद्ध्वस्त होती: छप्पर नव्हते, वडील नव्हते, जमीन लष्कराच्या ताब्यात होती किंवा भूसुरुंगांनी भरलेली होती, आणि गुप्तचरांच्या वारंवार होणाऱ्या चौकशीमुळे शेजारी जवळ येण्यास बिचकत होते. उत्तरेत आणि पूर्वेत स्त्रियांच्या खांद्यावर चाललेली हजारो कुटुंबे होती. त्यांच्यापर्यंत सर्वांत वेगाने पोचल्या त्या सूक्ष्म वित्तपुरवठा कंपन्या. चढ्या व्याजाची कर्जे, आठवड्याचा हप्ता, आणि एक फेडण्यासाठी दुसरे कर्ज, असे चक्र इतके वाढले की २०१८ मध्ये सरकारला दुष्काळग्रस्त जिल्ह्यांतील स्त्रियांची एक लाख रुपयांपर्यंतची कर्जे माफ करण्याची घोषणा करावी लागली. कुटुंबाला सावरण्यासाठी कर्ज आणि अनुदान यांत काय अंतर आहे, हे या अनुभवाने महाग किमतीला शिकवले: ज्या घराची कमावती माणसे गेली आहेत त्या घराला परतफेडीची मुदत घालून दिलेला पैसा हा आधार ठरत नाही.

हा प्रश्न महाराष्ट्रालाही परका नाही. गडचिरोली आणि शेजारच्या बस्तरमध्ये माओवाद्यांनी ‘बाल संघम’सारख्या रचनांतून मुलांना निरोप पोचवणे, पहारा, सांस्कृतिक पथके अशा कामांत ओढल्याची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांतही झाली आहे, आणि भारताच्या २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ नुसार कोणत्याही बिगर-सरकारी सशस्त्र गटाने मुलाला भरती करणे हा सात वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीचा गुन्हा आहे. श्रीलंकेचा अनुभव लक्षात घेतला तर केवळ शिक्षेच्या तरतुदीवर विसंबता येत नाही. माडिया आदिवासी कुटुंबाला मिळणारा वनहक्काचा दावा, तेंदूपानांचा आणि बांबूचा रास्त भाव, गावाजवळची चालू शाळा, जातीचा आणि जन्माचा दाखला यांकडेही मुलांच्या संरक्षणाची साधने म्हणूनच पाहावे लागते. दोन्ही बाजूंच्या बंदुकांच्या मध्ये सापडलेल्या आईबापांवर कोणत्या तरी एका बाजूचा शिक्का न मारण्याचा संयमही त्यात येतो.

श्रीलंकेत २०१७ च्या सुरुवातीपासून किलिनोच्ची, वावुनिया आणि मुल्लैतिवू येथे बेपत्ता माणसांचे नातेवाईक रस्त्याकडेला मांडव घालून धरणे धरत आले. त्यांच्यात लष्कराच्या हाती मूल सोपवलेल्या आया जशा आहेत, तशाच एलटीटीईने घरातून ओढून नेलेल्या आणि कधीच न परतलेल्या मुलांच्या आयाही आहेत. २०१६ च्या कायद्याने बेपत्ता व्यक्तींचे कार्यालय स्थापन झाले आणि २०१८ मध्ये त्याचे काम सुरू झाले, परंतु या कुटुंबांपैकी बहुतेकांना अजून उत्तर मिळालेले नाही, आणि आंदोलनात बसलेले कित्येक वृद्ध पालक उत्तराची वाट पाहतच वारले. मुलाचे काय झाले, हे सांगणे, त्याच्या नावाची नोंद करणे आणि मागे राहिलेल्या भावंडांच्या शिक्षणाची व घराच्या निर्वाहाची जबाबदारी उचलणे, ही कामे युद्ध संपल्याच्या घोषणेने संपत नाहीत. जी मुले त्या वेळी लपून, लग्न करून किंवा शाळा सोडून वाचली, ती आज स्वतः आईबाप झाली आहेत, आणि त्यांच्या मुलांच्या शाळेचा खर्च, घराचे कर्ज आणि ताब्यातून न सुटलेली जमीन हेच आता या विषयातले तातडीचे प्रश्न आहेत.